जखमेकडे सरकणाऱ्या पेशी

आई, बाबांचं पोट बरं झालं. एवढंच सांगायला बसले होते, पण तुला एवढंच सांगून भागणार नाही हे मला माहीत आहे. आधी काय झालं होतं, कोणी बघितलं, मला का नाही सांगितलं, सगळं तुला लागणार. तर ऐक. एका सकाळी मी डबे भरत होते आणि बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातला आमचा हा फ्लॅट तू पाहिलेला नाहीस. दारात माणूस उभा राहिला की उजेड अडतो. मी वर पाहिलं. ते हळूच म्हणाले, "अगं, शौचाला काळं होतंय. झाले दोन-तीन दिवस." माझ्या हातातला डाव तसाच राहिला; काळं म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय. हौगांगच्या आपल्या जुन्या घरात तू हेच, जवळपास याच शब्दांत, बाबांना सांगितलं होतंस. मी तेव्हा शाळकरी होते, शेजारच्या खोलीतून ऐकत होते, आणि तुम्हाला वाटत होतं मी अभ्यास करतेय.

तुझा तो पहिला अल्सर मला आजही स्वच्छ दिसतो. तू खिडकीपाशी बसून मऊ भात नि ताक खातेयस, तिखटाच्या डब्याकडे बघतेयस आणि तोंड वाकडं करतेयस. मी विचारते, "आई, आतल्या जखमेला पट्टी कशी लावतात?" तू म्हणतेस, "पट्टी नाही लावत गं. गोळ्यांनी आम्ल कमी करायचं. जखम पोटाची पोटच भरतं. दुसरं कोण जाणार तिथं?" तू सहज बोललीस आणि ताकाचा घोट घेतलास. तुझी जखम खरंच भरली, तू पुन्हा ठेचा खायला लागलीस, आणि माझ्या डोक्यात मात्र ते बसलं ते बसलंच. पोट म्हणजे कोण? आज वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत मी तेच शोधते. लोक विचारतात या विषयाकडे कशा वळलात, तेव्हा मी काहीतरी भारदस्त सांगते.

तुला सांगते कसं असतं ते. जेवण पोटात गेलं की जठराच्या खालच्या भागातल्या काही पेशी रक्तात एक हार्मोन सोडतात, गॅस्ट्रिन. त्यानं आम्ल सुटतं, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण तोच हार्मोन अस्तराच्या पेशींना आणखीही काही सांगतो. त्या पेशी मग अशी एन्झाइमं बनवतात की जी भोवतालचं प्रथिनांचं जाळं कापतात. जाळं सैल झालं की जखमेच्या कडेच्या पेशी पाय पसरतात, पुढे सरकतात, शेजारणीला धरून सरकतात आणि उघडी जागा झाकून टाकतात. आम्ही काचेच्या तबकडीत पेशींचा थर वाढवतो, त्यावर एक ओरखडा काढतो आणि बघत बसतो. एवढंच माझं काम, आई. ओरखडा काढायचा आणि तो बुजताना बघायचा.

पण तुझ्या दुसऱ्या आजारपणात, पोटातल्या कर्करोगाच्या गाठीच्या वेळी, मला यातलं काही सुंदर वाटत नव्हतं. तीच एन्झाइमं गाठीतल्या पेशींनाही वाट मोकळी करून देतात, हे मी तेव्हा नुकतंच शिकले होते. तुझ्या खाटेशी बसून मी ते चिडून चिडून तुला सांगत होते, जणू कोणाची चहाडी करतेय. तू डोळे मिटून ऐकलंस आणि मग म्हणालीस, "माझ्या पोटाला शिव्या देऊ नकोस. झालं तेवढं केलंय त्यानं. तुलाही सांभाळलंय."  तू गेल्यानंतर कित्येक वर्षं मी फक्त गाठींवरच काम केलं. जखमांकडे वळले ते अलीकडे, तेही जरा बिचकतच.

म्हणून बाबांना दुर्बीण घालून तपासलं, आत अल्सर दिसला आणि डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा मला तुझंच सगळं पुन्हा समोर दिसायला लागलं. अल्सरचं कारणही कळलं: गुडघ्यासाठी ते रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेत होते, कोणाला न सांगता. मी ओरडले. ते म्हणाले, "तुझी आई असती तर हळू ओरडली असती." खोटं आहे ते, तुलाही माहितीये. तुकड्यात वाईट काही निघालं नाही. तरी डॉक्टर म्हणाले, जखम पूर्ण भरलेली पुन्हा दुर्बिणीतून बघितल्याशिवाय मी खात्री देणार नाही. ते आठवडे फार लांब गेले. त्यातच एका शनिवारी मी बाबांना फोनवर तबकडीचा व्हिडिओ दाखवला. एका बाजूला गॅस्ट्रिन दिलेल्या पेशी, ओरखडा बुजवत चाललेल्या. दुसऱ्या बाजूलाही गॅस्ट्रिन, पण तिथे एन्झाइम अडवलेलं. तिथल्या पेशी कडेशीच खोळंबलेल्या. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाले, "घाई नाही दिसत त्यांना." मग थोड्या वेळानं, "पण थांबतही नाहीयेत." माझी लेक, तुझी नात, मागून वाकून बघत होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, दॅट्स यू, ला. इन्साइड." बाबांनी नकळत पोटावर हात ठेवला.

परवा दुसरी तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. जिथे खड्डा होता तिथे फिकट गुलाबी, किंचित सुरकुतलेली जागा, चहूबाजूंनी मध्याकडे ओढल्यासारखी. "छान भरलंय," ते म्हणाले. बाबांनी विचारलं, "मग मिसळ चालेल का?" मी ते चित्र बघतच राहिले. इतकी वर्षं तबकडीत पाहिलं होतं. माझ्या माणसाच्या पोटात, पूर्ण झालेलं, पहिल्यांदाच पाहत होते. ज्या एन्झाइमांची मला भीती वाटत आली, तीच तिथे मुकाट्यानं राबून गेली होती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, बाबांनाही दाखवणार नाही. पण एक सांगते. मला वाटायचं, असा दिवस आला तर मी तुझ्या आठवणीनं रडेन. तसं झालं नाही. मला सडकून भूक लागली. आम्ही तिघं खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर गेलो, मी दोन प्लेट नूडल्स खाल्ल्या, बाबांच्या ताटलीतलंही उचललं, आणि सगळं संपेपर्यंत तू मला एकदाही आठवली नाहीस.