कुणी न ऐकलेलं कडवं

मंडी मोहल्ला, म्हैसूर
रविवार

प्रिय तुंगाक्का,

तुझा निरोप मोबाइलवर पुन्हा पुन्हा ऐकला. व्हिडिओ बघून तू शेजारपाजारी पेढे वाटलेस, दाजींनी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही तो दाखवला, आणि "विसू, तुझा आवाज परत आला रे!" म्हणताना तुझाच आवाज फुटला. एवढ्या आनंदाला मी साधं उत्तरही दिलं नाही. रागावू नकोस. व्हिडिओत दिसतं तसं घडलेलं नाही, अक्का. आज दुकान बंद आहे, भव्या आणि अन्विता, दोघी मायलेकी, बाजारात गेल्यात, म्हणून अप्पांच्या कापड बेतायच्या टेबलावर कागद पसरून बसलोय. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

मी किती अडखळत बोलायचो ते माझ्याइतकं तुलाच माहीत. शाळेत बाईंनी नाव विचारलं की माझा 'व' तोंडातच अडकून बसायचा. पोरं हसायची, आणि मधल्या सुट्टीत तू वरच्या वर्गातून खाली येऊन त्यातल्या एकदोघांना चोपायचीस. अप्पा मशीन थांबवून "निधान, निधान" म्हणायचे, सावकाश बोल म्हणून. त्यांचा जीव तुटायचा, पण सगळं दुकान माझ्या तोंडाकडे बघत थांबलंय हे कळलं की माझी जीभ आणखीच घट्ट व्हायची. देवळात एकादशीच्या भजनात मात्र मी कुठेच अडकायचो नाही. टाळ सुरू झाला की शब्द आपोआप सुटे व्हायचे. याचा अर्थ कळायला मला कॉलेजात जावं लागलं. तिथे कुणीतरी टेपवर नुसता ठेका लावला, मी चेष्टेचेष्टेत कन्नडमध्ये प्रिन्सिपॉलची नक्कल जुळवत गेलो, आणि ठेका संपेपर्यंत एकदाही अडखळलो नाही. शिंप्याचा पोर म्हणून मित्रांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, 'सूजी'. सुई.

पुढे त्याच नावाने मी रॅपर झालो, ते तू पाहिलंस. दसऱ्याला माहेरी आलीस तेव्हा स्टेशनवरून येताना रिक्षात माझंच गाणं लागलं होतं आणि तू रिक्षावाल्याला अक्षरानेही सांगितलं नाहीस की हा माझा भाऊ. घरी येऊन म्हणालीस, "मी सुम्मने बसले रे, गप्प. त्याला सांगितलं असतं तर त्याने गाणं थांबवून गप्पा मारल्या असत्या." एवढी दाद मला कुठल्याच पेपरने दिली नाही.

मग ते घसा बसण्याचं वर्ष आलं. तुला आम्ही फोनवर सांगितलं होतं की आजार अचानक निघाला. अचानक नव्हता. आधी कितीतरी महिने आवाजात खरखर होती आणि, हसशील, लोकांना ती आवडली. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "सर, आवाजाला आता वजन आलंय, काही औषध घेऊ नका." मीही खूश. सगळ्यात गाजलेलं माझं गाणं, लग्नाच्या वरातीतसुद्धा वाजतं ते, त्याच आवाजात आहे. भव्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागायची; मी म्हणायचो, एवढा कार्यक्रम होऊ दे, एवढा दौरा होऊ दे. शेवटी बेंगळुरूच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवलं, स्वरतंतूवर तांदळाच्या कणीसारखं काहीतरी बसलेलं. ज्या खरखरीवर लोक शिट्ट्या मारत होते, ती या कणीची होती. आजही रस्त्यात ते गाणं कानावर पडलं की मी बाजूच्या गल्लीत शिरतो.

किरणं देऊन गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरला तो नुसता वारा. बोललो तर भव्याला भांड्यांचा आवाज थांबवून जवळ यावं लागायचं. फोन बंद झाले, मित्र आले, बसले, माझ्यासाठीही तेच बोलले आणि गेले. तेव्हापासून मी अप्पांच्या दुकानात बसतो. शाळेचे युनिफॉर्म शिवतो. गिऱ्हाईक माप सांगतं, मी मान हलवतो, तेवढ्यात काम भागतं. अप्पा गेले ते बरंच झालं असं त्या दिवसांत मनात यायचं. त्यांनी पुन्हा "निधान" म्हटलं असतं तर मला सोसलं नसतं.

नंतर भव्याने मला ओढून वाचा-श्रवण संस्थेत नेलं. तिथली थेरपिस्ट अन्वितापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी असेल, आणि तिचं नाव वाणी! पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि गुणगुणत बुडबुडे काढायचे, हा माझा अभ्यास. चाळिशी ओलांडलेला माणूस स्वयंपाकघरात उभा राहून पेल्यात बुडबुडे काढतोय, हे बघून अन्विता पोट धरून हसायची. पण अक्का, एका सकाळी त्या बुडबुड्यांच्या मागून एक सूर आला. गंजलेल्या कडीसारखा, पण सूर. भव्या दाराशी दुधाची पिशवी घेऊन उभी होती. पिशवी ओट्यावर ठेवून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

त्यानंतर गगन आला. हा आताचा मोठा रॅपर, माझी गाणी ऐकत वाढलेला. टाउन हॉलच्या मैदानात त्याचा मोठा कार्यक्रम ठरला होता. दुकानात स्टुलावर बसून म्हणाला, "अण्णा, एकच कडवं. नीवे बेकु." तुम्हीच हवेत. मी कागदावर लिहून दाखवलं, आवाज नाही. तो म्हणाला, "आहे तेवढा चालेल. बाकीचं मी सांभाळतो." वाणीला विचारलं तर ती म्हणाली, "ओरडायचं नाही. माइकला गुपित सांगितल्यासारखं बोलायचं." गगनला माझं जुनं गाजलेलं गाणं हवं होतं. मी नाही म्हटलं. मी नवीन आठ ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळ एका श्वासात मावेल एवढी, जड अक्षरं गाळून, जसा उरलेल्या कापडात सदरा बसवतात तशी. इतक्या वर्षांत एवढं मन लावून मी काहीच लिहिलं नव्हतं. रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून म्हणायचो. शेवटच्या आठवड्यात घसा पुन्हा जड वाटायला लागला. वाटलं, सरावाने असेल.

कार्यक्रमाच्या दिवशी दिवेलागणीला मैदान गच्च भरलं होतं. गगनने माझं नाव घेतलं आणि जो आवाज उठला, अक्का, तो छातीवर येऊन आदळला. वाटलं, हे सगळे आपल्याला विसरले नव्हते तर. ठेका सुरू झाला. पहिली ओळ निघाली. दुसरीही निघाली, आणि लोक शांत झाले, अगदी ऐकायला लागले. तिसऱ्या ओळीला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. वारासुद्धा नाही. मी माइक धरून उभा. ठेका चाललेला. शाळेतल्या वर्गात उभा होतो तसाच.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी माझं जुनं गाणं सुरू केलं. त्यांना वाटलं, मी थांबलोय ते त्यांनी म्हणावं म्हणून. आपण करतोच तसं, माइक लोकांकडे वळवतो. एकाचे शंभर झाले, मग सगळं मैदान ते गाणं म्हणायला लागलं. गगनने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याने ठेकेवाल्याला खूण करून जुन्या गाण्याचा ठेका लावला आणि माझा हात धरून वर केला. तू व्हिडिओत पाहिलंस ते हे. माझे ओठ हलतात, आवाज येतो, तो माझा नाही. तो त्या हजारो पोरांचा आहे, आणि ती म्हणत होती तेच आजारी आवाजातलं गाणं.

खाली उतरलो तर भव्या रडत होती, आनंदाने. अन्विताने मिठी मारली आणि म्हणाली, "तुम्ही मुद्दाम थांबलात ना? काय जमवलंत!" मी मान हलवली. काय करू? दुसऱ्या दिवशी सगळ्या मोबाइलवर 'सूजी परतला'. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. वाणीचा एकटीचा निरोप आला होता, "तिसऱ्या ओळीला काय झालं?" त्याला मी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी गगन दुकानात आला आणि निघताना म्हणाला, "अण्णा, पुढचं काय होतं ते मला ऐकायचं होतं." त्याला कागद दिला. वाचून त्याने डोळे पुसले, पण कडवं वाचायचं नसतं ग. ते म्हणायचं असतं.

तुला त्या ओळी मराठीत सांगतो, यमक काही साधणार नाही. मी गप्प होतो तेव्हा हे गाव माझ्यावाचून बोलायला शिकलं. बरं झालं. दुकानात बसून मी गिऱ्हाइकांचे खांदे मोजले, त्यांचं बोलणं ऐकलं. आधी फक्त माझंच ऐकत होतो. आता आलोय तो गाजवायला नाही, कोण कोण काय म्हणतंय ते सांगायला. एवढंच होतं. आणि नेमकं तेच कुणाला ऐकू गेलं नाही. याचं मला किती वाईट वाटतं ते भव्याला सांगायचा धीर होत नाही. तिच्या चेहऱ्यावर चार वर्षांनी हसू आलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. मंगळवारी बेंगळुरूला जाऊन आलो, एकटाच. भव्याला सांगितलं, अस्तराचं कापड बघायला चाललोय. आज संध्याकाळी तिला खरं सांगणार आहे. ती कणी परत आलीय, आणि या वेळी किरणांनी जाणार नाही. स्वरयंत्रच काढायचं. गळ्याला पुढून भोक राहील, श्वास तिथून. मी विचारलं, सरावाने झालं का? डॉक्टर म्हणाले, नाही, ते आधीपासून वाढत होतं. जीव वाचेल असं ते खात्रीने म्हणतात, आणि वाणी, तिला एकटीला मी हे कळवलंय, म्हणते की पुढे यंत्र लावून बोलता येतं. पण तो आवाज माझा नसेल. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आहे. माझ्या गाण्यांची रेकॉर्डिंग ढीगभर आहेत आणि सगळी कन्नडमध्ये. भव्याशी मी कन्नड बोलतो, पोरीशी कन्नड आणि इंग्रजी. आई-अप्पा गेल्यापासून या घरात मराठी बोलायला कुणी नाही, आणि माझं मराठी बोलणं कुठल्याही टेपवर नाही. अजून सकाळी तासभर आवाज असतो, बारीक, पण जवळ बसलं तर ऐकू येतो. तो मी कुणावर खर्च करत नाहीये; सगळ्यांना सांगितलंय, घशाला विश्रांती दिलीय. मिरजेहून थेट गाडी आहे. दाजींचं जेवणाखाण्याचं काहीतरी बघ आणि ये, अक्का. फोन करू नकोस, फोनवर माझं काही कळत नाही. माझ्या शेजारी येऊन बस. काही महत्त्वाचं बोलायचं नाहीये. शेजारच्या गोदावरीबाईंच्या चुगल्या सांगेन, तुझ्या सुनेचं ऐकेन, डाळीत मीठ जास्त झालं म्हणून तुझ्याशी भांडेन. हे सगळं मला एकदा आपल्या भाषेत, माझ्या तोंडाने बोलून घ्यायचंय.

तुझी वाट बघणारा, तुझाच
विसू