तीन नंबरच्या खोलीतलं गणित

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी कळवते की जिना उतरताना तू पायऱ्या मोजतोस आणि मध्येच कुणी बोललं की पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून सुरुवात करतोस. जन्मभर जमिनी मोजल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार म्हणा, पण त्या गुडघ्याची दया कर. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. मधले दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, पण तब्येती उत्तम होत्या.

झालं असं की तुझी भाची आता शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जाणार, आणि तिथे गणित एक नसून तीन असतात: साधं, मधलं आणि वरचं. त्यातलं एक निवडून फॉर्मवर पालकांची सही करून द्यायची. लेकीने पेन्सिलीने ‘मधलं’वर खूण करून फॉर्म माझ्या दुकानात फळीवर ठेवला. आमच्या ह्यांचं मत, साधं घ्यावं. (चष्म्याच्या काचा घासून घासून ह्यांच्याकडे जगातल्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर उरलंय: आधी कमी नंबर लावून बघा, डोकं दुखलं तर वाढवू.) मला मात्र भलताच किडा चावला. त्या वरच्यात असतं तरी काय? दुकानात चित्रांच्या फ्रेम न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना विचारत सुटले. एक दातांचे डॉक्टर म्हणाले, मी वरचं केलं होतं, आयुष्यात एकदाही उपयोग झाला नाही. पण हे सांगताना त्यांची मान अशी ताठ झाली की उपयोग नसलेली ती गोष्ट ते कुणाला द्यायला तयार नसावेत. झालं, माझा किडा दुप्पट झाला.

शाळेने पालकांसाठी नमुन्याचे तास ठेवले होते. तीन खोल्या, दारांवर एक, दोन, तीन असे आकडे. आता माझ्या दुकानात फ्रेमची एक नंबरची लाकडी पट्टी म्हणजे सर्वांत भारी आणि तीन नंबरची सगळ्यांत साधी. (वीस वर्षं असंच चाललंय, शाळेने निदान विचारायचं तरी.) म्हटलं, सुरुवात साध्यापासून करावी, नाहीतर तोंडघशी पडायचे, म्हणून तीन नंबरच्या खोलीत जाऊन पुढच्याच बाकावर बसले. बाई तरुण होत्या, हात खडूने माखलेले. त्यांनी विचारलं, बारा फूट पट्टी आहे, तिच्यात सर्वांत मोठं चौकोनी चित्र कोणतं बसेल? दादा, हा काय प्रश्न झाला? मी बसल्या जागेवरून सांगितलं, तीन बाय तीन, आणि कोपरे कापायला थोडी जास्त पट्टी घ्या. त्या म्हणाल्या, ‘बरोबर. पण कशावरून?’ मी म्हटलं, ‘वीस वर्षांवरून.’

सगळे हसले. बाई नाही हसल्या. त्यांनी फळ्यावर एक टेकडी काढली. चार बाय दोन, तीन बाय तीन, दोन बाय चार अशी मापं बदलत गेलं की चित्राची जागा कशी वाढते आणि पुन्हा कशी उतरते, ते त्या रेषेवर दाखवलं. मग म्हणाल्या, चढ संपलाय आणि उतार अजून सुरू व्हायचाय, अशी माथ्यावर एकच जागा असते. ती सपाट जागा शोधायचं हे गणित. दादा, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. जे माझ्या हातांना इतकी वर्षं ठाऊक होतं, त्याला कारण होतं! आणि ते मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बाहेर पडताना शिपायाने सांगितलं की हा वरच्या गणिताचा तास होता. मी तरंगत ऑफिसात गेले, पर्समधला फॉर्म काढला, लेकीची पेन्सिलीची खूण खोडली, फ्रेमवर नावं लिहायच्या पक्क्या शाईने ‘वरचं’वर खूण केली, आणि सही ठोकून देऊन आले.

तिला हे कळलं वर्गांची यादी लागली तेव्हा. आधी दोन दिवस ती बोललीच नाही (तिचा बापही तिच्या बाजूने गप्प). तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, तुला शिकायचंय ना? मग तू शीक की. त्यात माझं नाव कशाला घातलंस?’ मग बोटांवर मोजून हिशेब सांगितला. तिला रसायनशास्त्र हवंय, चित्रकला हवीय, झाडांचा अभ्यास करायचाय, त्याला मधलं पुरतं. वरचं घेतलं तर चित्रं सुटतात. सगळं विचारून, मोजूनमापून तिने ती खूण केली होती. माझ्या दुकानात कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, चित्र कुठल्या भिंतीवर लावणार? त्याशिवाय मी पट्टीला हात लावत नाही. आणि घरच्या पोरीला मी काहीच विचारलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसात जाऊन, चार जणांसमोर चूक कबूल करून, तिचं मधलं तिला परत मिळवून दिलं. पक्की शाई खोडता येत नाही, म्हणून नवा फॉर्म घ्यावा लागला. या वेळी पेन तिच्या हातात होतं.

वहिनीला सांग, तिने दिलेल्या फोटोची फ्रेम तयार आहे.

तुझी धाकटी

ता. क. : तुझ्या कपाटात वरच्या फळीवर तपकिरी पुठ्ठ्याचं वरच्या गणिताचं पुस्तक आहे, ते पाठव. संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलंय. (कुठलं गणित ते विचारू नकोस. साधं.)

ता. क. २ : तुला आठवतं का, बाबा परगावी होते आणि माझा शाळेचा फॉर्म तू भरला होतास? ‘हिला कशाला एवढं गणित’ म्हणून तू साध्या गणितावर खूण केलीस आणि मला नंतर कळलं. मी तेव्हा पाच दिवस बोलले नव्हते, पण तू मोजले नसशील. रागवून लिहीत नाही. तू मायेनेच केलंस, आणि मीही. पण पुस्तक लवकर पाठव.

ता. क. ३ : मामा, पाकीट बंद करायला आईने माझ्याकडे दिलंय म्हणून लिहितेय. ती साध्या वर्गात जाते आणि घरी येऊन मला वरच्या वर्गातले प्रश्न विचारते, त्यामुळे मला रोज पुढचं वाचून ठेवावं लागतं. त्या टेकडीच्या पुढे काय होतं ते तिला अजून सांगितलेलं नाही, पण भारी आहे. पुस्तकं दोन पाठव. दुसरं माझ्या नावाने, शाळेच्या पत्त्यावर.