रविवारचा गुणाकार

३ ऑगस्ट, रविवार
शिवकन्याचं गणित आजपासून माझ्याकडं. सातवीला हाय पोरगी. आईसंगं लातूरला मामाच्या घरी राहते. बायको गीतांजली पोरीच्या शाळेपायी गेली, दुसरं काही कारण न्हाई. मी मुदखेडला एकटा. दर रविवारी फोनवर शिकवायचं. मी मुदखेडवरून शिकवून पोरगी पहिली आली, तर गीतांजलीला लातुरात थांबायला कारणच उरत न्हाई. दहावीला मला गणितात छप्पन होते. पाया पक्का हाय. उद्यापासून पहाटे एक तास अभ्यास. तंबाखू बंद.

६ ऑगस्ट
उठणं झालं न्हाई. तंबाखू दोनदाच.

१० ऑगस्ट, रविवार
पहिला क्लास. बैजिक राशींचा गुणाकार. (x + ३)(x + ५). लई सोपं. x ला x नं गुणायचं, तीनला पाचनं. x² + १५. पोरगी विचारती, पप्पा, x आणि पाचचं काय करायचं? म्हणलं, फाटे फोडू नको. हाव पप्पा, म्हणली. समजलं तिला.

३१ ऑगस्ट, रविवार
(x + २)(x + ७) = x² + १४. पोरीची गती कमी हाय, एकच गोष्ट तीनदा सांगायला लावती. चाळीस मिनिटं गेली. मागून गीतांजलीनं विचारलं, जेवले का विचार. म्हणजे परत यायचं मनात हाय तिच्या.

१२ सप्टेंबर
ऑफिसातल्या रामलिंगला (x + ३)(x + ५) वर माझी पद्धत दाखवली. म्हणला, x ला १ धर. चार सख चोवीस. तुझे सोळाच येतात. त्याला उगं खोड काढायची सवय हाय. घरी येऊन x ला शून्य धरून पाहिलं. पंधराला पंधरा. मीच बरोबर.

१२ ऑक्टोबर, रविवार
परीक्षेआधीचा शेवटचा, दहावा क्लास. सांगितलं, माझ्या पद्धतीनंच लिही. इथल्या शाळेत ॲडमिशनची चौकशी करून राहिलो. तंबाखू दिवाळीनंतर सोडू.

२ नोव्हेंबर, रविवार
लातूरला गेलो. गणितात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. पेपर पाहिला. तेच गणित आलं होतं. तिनं x² + ८x + १५ लिहिलेलं, वर बरोबरची खूण. विचारलं, हे कुणी शिकवलं? शाळेत जुलैतच झालं होतं, म्हणली आणि खाली बघत बसली. मग दुकानात गेली.

दप्तरात एक वही दिसली. वर लिहिलेलं, पप्पाची वही. दहा रविवार, तारखेसकट. x² + १५. x² + १४. माझी सगळी चुकीची गणितं, एवढ्या चांगल्या अक्षरात. गीतांजली चहा घेऊन आली. हळूच म्हणली, गणित येतं म्हणलं तर पप्पा फोन कशाला करतील, असं म्हणती ती.

मुदखेडला चला म्हणायला गेलो होतो. ते राहूनच गेलं. वही होती तशी ठेवली. बसमधे x ला १ धरून पाहिलं. चोवीसच येतात. लई वाईट वाटलं.

घरी पोचून फोन लावला. पोचलो म्हणलं. शिवकन्या म्हणली, पप्पा, पुढच्या रविवारी भागाकार घ्या, मला काहीच येत न्हाई.
हाव म्हणलं.