उतरून राहिलो

३ नोव्हेंबर
अकोल्यात सुखरूप दाखल. वाईच्या संस्कृत पाठशाळेत शिकलो, तिथेच सव्वीस वर्षे वार्ताहर होतो; आता पातूर रस्त्यावरच्या एका खासगी धावपट्टीवर नोंदलेखक. शिकाऊ वैमानिक रात्री एकेकटे उतरण्याचा सराव करतात. विमान उतरले की मी वेळ लिहायची आणि देवीदासला सांगायचे. मग तो पट्टीचे दिवे मालवतो. 'खेचर' म्हणजे मूळ संस्कृतात आकाशात हिंडणारा, असे त्याला समजावले. "गुरुजी, आमच्याकडं तं खेचर ओझं वाह्यते," तो म्हणाला. पाठशाळा हरली.

७ नोव्हेंबर
बडनेऱ्याचा सुगत, वय बावीस. वायरलेसवर इंग्रजी आटले की घरची भाषा बोलतो. रात्री ९.४० ला म्हणाला, "गुरुजी, उतरून राहिलो." उतरून, म्हणजे क्रिया संपली, मग राहिला. व्याकरण चोख. देवीदासला सांगितले. दिवे मालवले.

विमान तुरीच्या शेतात सापडले. सुगत गेला.

देवीदास म्हणाला, आमच्या बोलीत 'उतरून राहिलो' म्हणजे अजून उतरतोच आहे.

१० नोव्हेंबर
सुगतचे वडील बुधाजी आले. एवढेच विचारले, लेकराले दिवे दिसले होते काय? मी म्हणालो, वीज गेली होती. नोंदवहीतही तसेच लिहिले आहे. देवीदास उठून बाहेर गेला.

१९ नोव्हेंबर
आज सराव नाही. आकाश रिकामे. तरी ९.४० ला वायरलेस खरखरला. उतरून राहिलो.
क्रिया चालू आहे. आता कळते.

२१ नोव्हेंबर
पुन्हा. देवीदासनेही ऐकले. किल्ल्या माझ्यापुढे ठेवून गेला. दिव्यांच्या बटणाला हात लावणार नाही म्हणतो.

२४ नोव्हेंबर
आज शिकाऊ प्रियदर्शनीची पाळी. एकटी. बटणाशी मीच.

९.३६. तिने दिवे मागितले. लावले. विमान दिसते आहे.

९.३८. ती विचारते, शेजारच्या सीटवर कोणाला बसवले? तो तिच्याशी बोलत नाही. मला कारण विचारतो आहे, दिवे कावून मालवले —

तिला सांगितले, वर जा, उतरू नकोस. म्हणते, दांडा हलत नाही, त्याने धरला —

पट्टीच्या टोकाचे दिवे जाऊ लागले. एकेक. माझा हात बटणावर नाही —

वहीत खरे लिहितो. सात तारखेला वीज गेली नव्हती. मी सांगितले म्हणून मालवले. मी. ऐक, सुगत, लिहिले —

चार दिवे उरले. तीन. ती अजून उतर