दंडावरची पिशवी

३ जून
आलो बाई एकदाचे! प्रयोगशाळेच्या वरच्याच मजल्यावर दोन खोल्या, खिडक्या मोठ्या, नळाला धो धो पाणी. दादा म्हणाला होता, गोचीड पाळायची कसली गं नोकरी? मी म्हटलं, सासरी रक्त आटवलं ते फुकट, इथे निदान पगार तरी मिळेल. खालचे ससे बघून चिमणी हरखली. पहिलीतली पोर माझी, तिला एवढं पुरतं.

काम सोपं आहे. सशाची पाठ भादरून तिच्यावर कापडी पिशवी चिकटवायची, आत गोचीड सोडायचे. पोट भरलं की ते आपोआप गळतात. मग चिमट्याने उचलून काचेच्या नळीत टाकायचे, वर कापसाचा बोळा. लाल खुणेच्या नळ्यांत तापाचे, म्हणजे ज्यांच्या चाव्याने माणसाला जीवघेणा ताप येतो ते. त्यांना फक्त मोठ्या बाई हात लावतात. बाई इथल्या प्रमुख. बोलणं मोजकं, तेही टोचून.

७ जून
ससे आजारी पडलेत. गोचीड उपाशी मरतील म्हणून बाईंनी इथली जुनी रीत सांगितली. पिशवी आपल्याच दंडाला बांधायची. बिनतापाचे आहेत, घाबरता कशाला, म्हणाल्या. नवी नोकरी, नाही कसं म्हणायचं? बांधली. बाई पहिल्यांदाच माझ्याशी हसल्या.

१५ जून
ससे बरे झाले, पण गोचीड त्यांना तोंड लावेनात. मी टेबलाच्या ज्या बाजूला बसते, त्याच बाजूच्या काचेला येऊन चिकटतात. खुर्ची बदलली, तर तेही सरकले. लाल खुणेचेसुद्धा! त्यांनी तर मला चाखलेलंही नाही. हसण्यावारी न्यायचं ठरवलं, पण हसू काही येईना.

१८ जून
आता पुरे, असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सवय तुम्ही लावलीत, तुम्हीच निस्तरा. चोर तो चोर, वर शिरजोर! नोकरी सोडते म्हटलं, तर त्या माझ्या दंडाकडे बघत राहिल्या.

१९ जून
नळ्यांतले सगळे आज एकदम माझ्याकडे पाठ करून दाराकडे वळले. दारात कोणीच नव्हतं. मग जिन्यावर चिमणीची पावलं वाजली.

तिला ओढत वर नेलं, ओरडले, रडवलं. भीतीच तेवढी वाटली. बाई जिन्याशी उभ्या होत्या. पोरीचं वय विचारत होत्या.

२० जून, सकाळ
सामान बांधलं. दादा संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन येतोय. नोकरी गेली खड्ड्यात. चिमणी अजून रुसलेली, सारखं डोकं खाजवतेय. वेणी घालायला घेतली. कानामागे —

चिमट्याने काढला. पोट भरलं नव्हतं त्याचं. म्हणजे तापाचा असला तरी ताप अंगात उतरायला अजून वेळ आहे. आहे ना —

दुपार
आणखी तीन काढले. खाली धावले. लाल खुणेच्या नळ्या रिकाम्या, बोळे ओळीने मांडून ठेवलेले. पोरीवर सोडलेत का, विचारलं. बाईंनी नाही म्हटलं नाही. शांतपणे एवढंच बोलल्या, "काढू नका. ओढताना तुटले तर वाया जातील."

नंतर
वर चिमणीपाशी परतले, तोच खोलीचं दार कुणीतरी बाहेरून लावलं. दादा, तू येशील तेव्हा आम्ही बोलू शकलो नाही तर, म्हणून लिहितेय —

फटीतून येतायत. चिमणीला टेबलावर उभं केलंय. मी खाली, पायाशी. दोन्ही बाह्या वर केल्यात. या मेल्यांनो, माझ्याकडे या —

अंगावर चढले. चावत नाहीत. एकही नाही. दंडावरून, खांद्यावरून, सरळ वर —

मी नकोच आहे त्यांना. दादा, चिमणीच्या पायाला —