आडोशातली एक वीट

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, पेशाने आरेखक. अठ्ठावीस वर्षे एकाच कचेरीत, एकाच टेबलाशी बसून दुसऱ्यांची घरे कागदावर काढत आलो आहे. येत्या सोमवारी माझी छाती उघडून आत डागडुजी होणार आहे. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही हो," आणि त्याच दमात म्हणाले, "पण कागदपत्रं तेवढी करून ठेवा." म्हणून हे मृत्युपत्र. माझी बुद्धी शाबूत आहे. स्वभावाबद्दल बायको वेगळे सांगेल. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तेवढा रस घरात कोणाला उरलेला नाही. याआधी मृत्युपत्र केले नव्हते. हे पहिले, आणि टाके नीट बसले नाहीत तर शेवटचे.

१. घर, म्हणजे वडिलांच्या जागेच्या वाटणीत मला मिळालेली डावी बाजू, माझ्या पत्नीस. उजवी बाजू धाकट्या भावाची आहे. मधली भिंत सामाईक असून तीही त्यानेच बांधली आहे. तो गवंडी आहे. पत्नीने घर विकू नये अशी अट घालत नाही. माझ्या हयातीत तिने माझे ऐकले नाही, नंतर ऐकेल असे कोणत्या आधारावर लिहू?

२. बँकेत जे असेल ते पत्नी आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. आकडा वाचून हसू नये.

३. ड्रॉइंग बोर्ड, टी-पट्टी आणि पेनांची पेटी मुलीस. ती संगणकावर घरे काढते आणि या वस्तूंना "बाबांचं म्युझियम" म्हणते. म्हणो. पण माझ्या हातून अठ्ठावीस वर्षांत एकही जिना चुकीच्या दिशेला चढला नाही, हे तिने लक्षात ठेवावे. चुकले ते एकच, आणि ते कचेरीत नाही. कलम पाच पाहावे.

४. मेहुण्यास काही नाही. मी परसात विटांची भट्टी बांधली तेव्हा तो म्हणाला होता, "पाव कोपऱ्यावर मिळतो की, भावजी!" आणि मग पहिल्या घाण्यातले अकरा पाव उभ्याउभ्या खाल्ले. त्याला कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता देत आहे.

५. आता भट्टी. ती मी स्वतः बांधली. घुमट मातीचा, त्यामुळे पहिल्याच पावसात पोपडे निघाले. तिला आडोसा हवा होता: सामाईक भिंतीला लागून तीन भिंती, वर पत्रा, बाजूला दार. नकाशा मी काढला, अर्ध्या इंचापर्यंत चोख. बांधकाम धाकट्याने केले. सहा रविवार खपला, आणि एक पैसा घेतला नाही.

त्याने तोंड उघडले की मी म्हणायचो, "तू थापीने बोल, तोंडाने नको. नकाशात आहे तसं बांध."

त्याने तसेच बांधले. सातव्या रविवारी मी पाव आत सरकवले, आणि लांब दांड्याचे लाकडी उलथणे बाहेर ओढताना दांडा माझ्या पाठीमागच्या सामाईक भिंतीवर आदळला. भट्टीचे तोंड आणि भिंत यांत तीन फूट जागा. दांडा साडेपाच फुटांचा. पाव आत जळत होते आणि मी दांडा धरून गोल फिरायला बघत होतो.

धाकटा दाराबाहेर थापी धूत बसला होता. "दादा, नकाशात माणूस काढला नव्हतास."

"मग बांधताना तुला तोंड नव्हतं?"

"होतं की. तूच बंद ठेवायला सांगितलंस."

मग हसत उठला, सामाईक भिंतीतली दांड्यासमोरची एक वीट काढली, आणि भोकातून दांडा त्याच्या अंगणात जाऊ लागला. पुढे तीन वर्षे दर रविवारी मी अलीकडे ओढायचो, तो पलीकडे दांड्याचे टोक धरून उभा असायचा. "ये रे दादा, ये, अजून ये," असे बैलाला बोलवावे तसे बोलायचा. चार पाव त्याचे असायचे. एवढे सुख आम्हां दोघांना वडिलांच्या राज्यातही नव्हते.

मग एका रविवारी कचेरीतले एक सहकारी आले. कोपर भिंतीवर आपटून घेऊन म्हणाले, "अहो, एवढे मोठे आरेखक तुम्ही, आणि हे काय?"

मी म्हणालो, "काय करणार, गवंड्याला नकाशा वाचता येत नाही."

"कोण गवंडी?"

"आहे एक जवळपासचा. स्वस्तात मिळाला."

हे बोललो आणि हातातला दांडा अचानक जड झाला. पलीकडून त्याने टोक सोडले होते.

दुसऱ्या दिवशी भोकात वीट बसली होती. या गोष्टीला सात वर्षे झाली. भट्टी त्यानंतर पेटलेली नाही. पत्नीने आत कुंड्या ठेवल्या आहेत. धाकटा रस्त्यात भेटला तर मान हलवतो. देणेकऱ्यालाही लोक याहून जास्त हलवतात.

आता जे कोणाला माहीत नाही ते लिहितो. ती वीट त्याने सिमेंटमध्ये बसवलेली नाही. भट्टीची जी माती उरली होती त्या मातीत बसवली आहे. जन्मभर सिमेंट कालवणारा माणूस माती लावतो ती चुकून नाही. बोटाने ढकलली तर पडेल. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सात वर्षे मी बोट लावले नाही, कारण आधी त्याने ढकलावी असे मला वाटत होते. चूक माझी, आणि वाट बघणाराही मीच. असा मी.

६. उलथणे धाकट्या भावास. सामाईक भिंतीतल्या त्या विटेशेजारच्या आणखी तीन विटा काढल्या तर उलथण्याचे रुंद पातेही जाईल, आणि त्याला स्वतःच्या अंगणात उभे राहून, माझ्या आडोशात पाय न ठेवता, पाव भाजता येतील. माझ्या बाजूची परवानगी याद्वारे देत आहे. त्या तीन विटा सिमेंटच्या आहेत. मला शिव्या देत काढाव्यात. आग पेटवायला अलीकडे माणूस लागेल. मुलीने ते काम शिकावे आणि कुंड्या हलवाव्यात.

सोबत नवा नकाशा जोडला आहे. सगळी मापे पुन्हा घेतली आहेत. या वेळी त्यात माणूस काढला आहे, भिंतीच्या पलीकडे उभा.

७. पहिला साक्षीदार म्हणून मुद्दाम त्याच सहकाऱ्यांना बोलावले आहे. सही करण्याआधी त्यांना कलम पाच आणि सहा मोठ्याने वाचून दाखवले, आडोशात उभे राहून, तोंड भिंतीकडे करून. पलीकडे बादलीत पाणी पडत होते. "स्वस्तात मिळाला" इथपर्यंत आलो तेव्हा ते बंद झाले. मी कलम सहा संपेपर्यंत वाचत राहिलो. मग सहकारी म्हणाले, "सही कुठे करू?"

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला. सही करतेवेळी वीट जागेवर आहे.

स्थळ: भट्टीचा आडोसा
दिनांक: १४ मार्च, शनिवार, सकाळी साडेदहा

(सही) थोरला

साक्षीदार:
१. (सही) कचेरीतले सहकारी. ऐकले, आणि त्या रविवारीही ऐकले होते.
२. (सही) समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. शुद्धलेखन तपासले. बाकीचे ज्याचे त्याने तपासावे.