झग्याला अस्तर नाही

चि. धाकटीस,

तुझ्या शिंपी बापाचे आशीर्वाद. (जरा सैलच बेतले आहेत, धुतल्यावर आटले तरी पुरतील.) तुझी प्रकृती ठीक आहे असं धरून चालतो, कारण फोनवर तू 'बरी आहे' यापलीकडे काही सांगत नाहीस. आईची कंबर आणि माझं मशीन, दोन्ही कुरकुरत का होईना, चालू आहेत.

तू कॉम्प्युटरवर ज्या सिनेमातले कपडे हलवतेस तो इथं लागला, म्हणून आईला घेऊन एकदाचा पाहून आलो. मला काही तो आवडला नाही. एवढे कोट्यवधी ओतले म्हणतात, मग त्या उडणाऱ्या नायकाच्या झग्याला अस्तर लावायला काय धाड भरली होती? पठ्ठ्या तीन इमारतींच्या आरपार जातो, ज्वालामुखीत पडतो, राक्षसी अजगराच्या पोटातून बाहेर येतो, पण एक टाका उसवत नाही. (आमचं गिऱ्हाईक जिना चढून आलं तरी बगलेत उसवतं.) जग बुडायला चार मिनिटं उरलेली, आणि हे महाशय कड्यावर उभे राहून झगा फडफडवतायत! बरं, वारा डावीकडून येतोय आणि झगाही डावीकडेच उडतोय. ते तुझं काम नसणार, अशी मी मनाची समजूत घातली. आईलाही तसं समजावून सांगत होतो, तर मागच्या पुढच्या सगळ्या रांगांनी मला गप्प केलं.

मध्यंतरात बाहेर आलो तर पुठ्ठ्याचा नायक उभा. टेप माझ्या खिशात असतोच, खांदे मोजायला घेतले. सव्वीस इंच! (हा माणूस घरात शिरतो कसा?) तेवढ्यात चौकीदार धावत आला.

"काका, हात लावायचा नाही."

"लावणार. हा झगा माझ्या मुलीनं केलाय."

"मग शेवटी नाव येत असेल की तिचं!"

"येतं तर," मी ठोकून दिलं. वर त्याची पँट टाचेखाली लोळत होती, तीही दुसऱ्या दिवशी दुकानात आणून टाकायला लावली.

दुकान सोडताना तू म्हणाली होतीस, आयुष्यभर कापडात मान घालून बसणार नाही. तेव्हा मी नको ते बोललो, ते अजून सलतं. पण सिनेमात ती म्हातारी राणी पायरीवर बसते ना, ती आधी मागचा घोळ हातानं सावरते आणि मग टेकते. आई मशीनवर बसताना अगदी हेच करते. ते तू केलंस, हे मला कुणी सांगायला नको. माझे डोळे भरून आले. बाकी सिनेमा टाकाऊ आहे.

तुझा,
बाबा

ता. क. : दीड मीटर खरं कापड पाठवतोय. गॅलरीत वाळत घाल आणि वारा सुटला की कुठं उडतं ते बघ.

ता. क. २ : वर 'एकदाचा' लिहिलंय, ते 'चारदा' असं वाच. शेवटची नावं इतकी पळतात की माझा चष्मा मागे पडतो, आणि झाडूवाल्या बाई पाय वर घ्या म्हणून ओरडतात. तुझं नाव कितव्या ओळीत आहे ते तातडीनं कळव. ते दाखवल्याशिवाय पँट देणार नाही, असं चौकीदाराला सांगून बसलोय आणि तो बिचारा सध्या मेव्हण्याची पँट घालून कामावर जातोय.

ता. क. ३ : नाव नसेलच, तर रजा टाक आणि ये. त्याला तुलाच दाखवतो.